जुनी लष्करी रायफल घ्यायची म्हणताय? आधी कागद, मग पोलाद

गेल्या वर्षीची गोष्ट. इथे टेक्ससमध्ये आमच्या टीममध्ये एक साठीच्या घरातले सहकारी आहेत. एका शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर त्यांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये नेलं आणि तिजोरीतून एक जुनी ली-एनफिल्ड रायफल बाहेर काढली. सोबत काडतुसांचा एक जुनाट पुडा. त्यातलं एक काडतूस उलटं धरून त्याचं बूड मला दाखवलं. पितळेवर दोन अक्षरं ठोकलेली होती: के आणि एफ. म्हणाले, "हे तुझ्या देशातलं ना?"

देशातलं कसलं, माझ्या घराजवळचं! केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपल्या पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. मी बोपोडीत वाढलो, शाळेच्या बसमधून त्या कारखान्याची लांबच लांब भिंत रोज दिसायची. तिथून निघालेलं काडतूस समुद्र ओलांडून टेक्ससच्या गॅरेजमध्ये बसलंय, हे बघून खरंच गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर जायचं ठरलं.

रात्री घरी येऊन सवयीप्रमाणे डॉक्युमेंटेशन वाचायला बसलो. तासाभरात दोन गोष्टी कळल्या. एक, ते केएफ काडतूस झाडणं शहाणपणाचं नाही. आणि दोन, मी एच-१बी व्हिसावर असल्यामुळे ती रायफल हातात धरणं हाच माझ्यासाठी केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. मी लगेच मेसेज करून बेत रद्द केला.

हा लेख त्या रात्रीच्या वाचनातून आणि पुढच्या काही महिन्यांतल्या अनुभवातून आलाय. अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींचा बाजार झपाट्याने बदललाय, आणि इथल्या मराठी मंडळींमध्ये रेंजवर जाऊन फोटो काढण्याची हौसही वाढलेली दिसते. त्यामुळे नवख्या माणसाने काय बघावं, कुठल्या क्रमाने बघावं, हे एकदा नीट समजून घेऊया.

सरप्लस म्हणजे नेमकं काय?

लष्कर नवी रायफल घेतं तेव्हा जुन्या लाखो रायफली गोदामात जातात. गंजू नयेत म्हणून त्यांना जाड ग्रीस फासतात, पेट्यांत भरतात, आणि काही दशकांनी सरकार तो माल घाऊक भावात विकून टाकतं. हाच सरप्लस. बनवण्याचा खर्च कधीच वसूल झालेला असल्यामुळे किंमत जवळपास भंगाराची.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा माल अक्षरशः टपालाने घरपोच मिळायचा. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून इटालियन लष्कराची जुनी कार्कानो रायफल अशीच मागवली होती. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च दीड डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डलासला केनेडींची हत्या झाली. पुढे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने टपालाने बंदूक विकणं बंद केलं आणि परदेशी लष्करी सरप्लसची आयातही थांबवली.

१९८४ मध्ये कायद्यात बदल होऊन 'क्युरिओ अँड रेलिक' म्हणजे संग्राह्य जुन्या शस्त्रांची आयात पुन्हा सुरू झाली. मूळ स्वरूपात असलेलं, किमान ५० वर्षं जुनं शस्त्र साधारणपणे या वर्गात बसतं. मग सोव्हिएत संघ कोसळला, आणि पूर्व युरोपातली गोदामं उघडली. मोसिन-नागांत ही १८९१ ची मूळ रचना असलेली रशियन रायफल, जी कोट्यवधींच्या संख्येने बनली होती, ती अमेरिकन दुकानांत पिंपात उभी करून विकायला लागली. २०१० च्या आसपास ती शंभर डॉलरच्या आगेमागे मिळायची. ४४० गोळ्यांचा सीलबंद पत्र्याचा डबाही शंभरच्या आत.

त्या काळात नवख्या माणसाला दिला जाणारा सल्ला एकच असायचा: मोसिन घे. बिघडली तरी फार नुकसान नाही.

नळ बंद कसा झाला?

तो सल्ला आता जुना झालाय. कारणं तीन आहेत.

पहिलं कारण साधं. या मालाचं नवीन उत्पादन नाही. साठा एकदाच तयार झाला, तो संपत गेला. शिवाय अलीकडची लष्करी शस्त्रं ऑटोमॅटिक असतात. ती अमेरिकेत सामान्य माणसाला विकता येत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी कापून वितळवली जातात. म्हणजे उद्याचा सरप्लस तयारच होत नाहीये.

दुसरं कारण कायदा आणि निर्बंध. ऑगस्ट २०१३ मध्ये ओबामा सरकारने ठरवलं की, अमेरिकेने मित्रदेशांना दिलेल्या जुन्या लष्करी रायफली खासगी व्यापाऱ्यांना परत आयात करू द्यायच्या नाहीत. २०१४ मध्ये क्रिमियानंतर रशियन शस्त्र कंपन्यांवर निर्बंध आले. सप्टेंबर २०२१ पासून, नवाल्नी विषप्रयोगाच्या प्रकरणात, रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने थांबले.

तिसरं कारण युद्ध. फेब्रुवारी २०२२ नंतर पूर्व युरोपातला कुठलाही देश गोदामातला माल विकायच्या मनःस्थितीत नाही. युक्रेनमध्ये रशियाच्या बाजूने लढायला पाठवलेल्या काही सैनिकांच्या हातात मोसिन दिसल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या. जी रायफल संग्राहकांची वस्तू झाली होती, ती पुन्हा खंदकात गेली.

परिणाम काय? साधारण बऱ्या अवस्थेतली मोसिन आता तीनशे ते पाचशे डॉलरला जाते. चांगली ली-एनफिल्ड पाचशे ते हजारच्या घरात. नवीन .३०३ काडतूस एकाला डॉलरच्या वर. एका सकाळी ४० गोळ्या झाडल्या तर पन्नासेक डॉलर गेले. म्हणजे 'स्वस्तात शिका' हा जुना हिशेब कोलमडलाय. आणि किंमत वाढली की काय होतं ते आपल्याला सेकंडहँड फोनच्या बाजारातून माहीत आहे: रंगरंगोटी, जोडलेले सुटे भाग, खोटे शिक्के.

आधी कागद: तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात?

रायफलीची बाकी चर्चा करण्याआधी हा भाग वाचाच. मी वकील नाही, तुमच्या केससाठी वकिलालाच विचारा. पण कायद्याचा साचा असा आहे.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार 'नॉन-इमिग्रंट' व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. यात एच-१बी आला, एच-४ आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ आला, आणि आई-बाबा ज्यावर येतात तो व्हिजिटर व्हिसासुद्धा आला. इथे 'बाळगणं' म्हणजे मालकी नव्हे. रेंजवर भाड्याने घेऊन दहा मिनिटं हातात धरणं हेसुद्धा बाळगणंच. २०२२ च्या कायद्याने यासाठीची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षांवर नेली. शिवाय शस्त्रासंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण ठरतं. ते ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू आहे.

अपवाद आहेत, आणि त्यातला कामाचा एकच: कुठल्याही राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. शिकार करा किंवा करू नका, परवाना चालू हवा.

"पण सगळेच जातात की रेंजवर!" हो, जातात. रेंजवाले फक्त फोटो असलेलं ओळखपत्र बघतात, व्हिसा बहुतेक वेळा विचारत नाहीत. आणि मग लोक तारखेसकट फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात. म्हणजे पुरावा स्वतःच तयार करून स्वतःच्याच नावाने सार्वजनिक ठेवायचा. लॉग फाइलमध्ये पासवर्ड छापण्यासारखाच हा प्रकार.

हे नुसतं कागदावर नाही. हामिद रेहाईफ नावाचा संयुक्त अरब अमिरातीतून आलेला विद्यार्थी अभ्यासात मागे पडला, विद्यापीठाने त्याला काढलं, त्यामुळे त्याचा दर्जा गेला. तरी तो फ्लोरिडात राहिला आणि एका रेंजवर जाऊन बंदुका चालवल्या. खटला झाला, शिक्षा झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जून २०१९ मध्ये कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की, आरोपीला आपला दर्जा काय आहे हे माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. निकाल त्याच्या बाजूने लागला खरा. पण त्यातून आपल्याला दिलासा शोधण्यात अर्थ नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन रिफ्रेश करणारा एच-१बीवाला "मला माझा दर्जा माहीत नव्हता" असं कुठल्या तोंडाने सांगणार?

आणखी चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

- नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको एच-४ वर असेल, तर घरातली बंदूक तिच्या आवाक्याबाहेर, तिला नंबर माहीत नसलेल्या तिजोरीत हवी. नाहीतर ती 'तिच्याही ताब्यात' होती असा दावा होऊ शकतो.
- "तू सिटिझन आहेस, माझ्यासाठी तुझ्या नावावर घे" हे चालत नाही. दुसऱ्यासाठी आपल्या नावाने खरेदी करणं हा २०२२ पासून वेगळा केंद्रीय गुन्हा आहे.
- दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर नागरिकत्व, व्हिसा आणि गांजाच्या सेवनाबद्दल थेट प्रश्न आहेत. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायदा वेगळा. खोटं उत्तर हाही गुन्हा.
- सरकारी पाठबळाच्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमकडून एम-१ गॅरंड रायफल घ्यायची असेल तर नागरिकत्वच लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. शिवाय संलग्न क्लबचं सदस्यत्व हवं.

मी काय केलं? टेक्ससमध्ये १९७१ च्या सप्टेंबरनंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशन कोर्स लागतो. तो ऑनलाइन केला, परवाना काढला, त्याची प्रत पाकिटात ठेवली, मगच रायफलीला हात लावला. आणि हो, टेक्ससचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, मग तुम्ही तो कधीही काढलेला असो. १ सप्टेंबरला तुम्ही पुन्हा मनाईच्या यादीत. मी कॅलेंडरमध्ये रिमाइंडर टाकून ठेवलाय.

मग पोलाद: विकत घेताना काय बघायचं?

समजा कागद चोख आहेत. आता वस्तूकडे वळूया. उदाहरण म्हणून ली-एनफिल्डच घेतो, कारण आपल्याकडे जिला 'थ्री नॉट थ्री' म्हणतात तीच ही. बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. पहिल्या महायुद्धापासून ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांच्या हातात होती. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनायची. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने तिचीच ७.६२ मिलिमीटर नेटो काडतुसाची आवृत्ती काढली, २ए आणि २ए१. मॅगझिन बारा गोळ्यांचं आणि चौकोनी, त्यामुळे लांबूनही ओळखता येते. या ईशापूर रायफलीही सरप्लस म्हणून अमेरिकेत पोचल्या.

आपल्यासारख्याला वाटतं की लाकूड चकचकीत, पोलाद काळंभोर, म्हणजे माल चांगला. इथेच गफलत होते. बघायच्या गोष्टी या:

हेडस्पेस. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे हलायला किती जागा उरते, ते माप. जास्त जागा असेल तर झाडताना पितळ ताणलं जाऊन फाटू शकतं आणि तप्त वायू मागे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येतो. हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी 'गो', 'नो-गो' आणि 'फील्ड' असे पोलादी गेज मिळतात. 'गो'वर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'फील्ड'वर होता कामा नये. ली-एनफिल्डच्या नंबर ४ मॉडेलमध्ये बोल्टचं डोकं बदलून हे माप जुळवता येतं, त्या डोक्यांवर ० ते ३ असे आकडे असतात. गेज नसेल तर गनस्मिथला चार पैसे द्या. विकणारा तपासू देत नसेल तर सरळ परत फिरा.

नंबर. बोल्टवरचा आणि मुख्य सांगाड्यावरचा नंबर सारखा आहे का? वेगळा असेल तर रायफल वाईटच असं नाही, पण दोन वेगळ्या यंत्रांचे भाग एकत्र आलेत, म्हणजे हेडस्पेस तपासणं सक्तीचं.

शिक्के. 'डीपी' ठोकलेलं असेल तर ती कवायतीची रायफल, झाडण्यासाठी नाहीच. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती बहुधा ग्रेनेड फेकायला वापरलेली, म्हणजे तिने जास्तीचा ताण सोसलाय. ईशापूरने काही रायफली पहारेकऱ्यांसाठी .४१० छऱ्याच्या, एका वेळी एकच गोळी भरायच्या करून दिल्या होत्या. बाहेरून त्या हुबेहूब थ्री नॉट थ्री. म्हणून "मॉडेल बघून काडतूस घेतलं" असं करू नका, नळीचं माप तपासा.

नकली माल. खैबरच्या परिसरात, दर्रा आदमखेलसारख्या गावांत, हाताने बनवलेल्या ली-एनफिल्डच्या नकला पिढ्यान्पिढ्या तयार होत आल्यात. कारागिरी थक्क करणारी, पण पोलाद कुठलं वापरलंय याचा भरवसा नाही. शिक्क्यांतल्या स्पेलिंगच्या चुका आणि उलटं 'एन' ही ओळखीची खूण.

नळी. आतून उजेडात बघा. थोडी काळवंडलेली चालेल, पण आतले पिळे झिजून गोलसर झालेले नकोत. तोंडाशी झिजली असेल तर नेम कधीच बसणार नाही.

दिसतं तसं नसतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेचंच आहे. त्यांच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या १९०३ मॉडेलच्या सुरुवातीच्या रायफलींचा, म्हणजे ८,००,००० पेक्षा कमी नंबर असलेल्यांचा, सांगाडा काही वेळा ठिसूळ निघाला. कारण काय, तर भट्टीतल्या पोलादाचं तापमान कामगार त्याच्या रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे. ढगाळ दिवस आणि लख्ख उन्हाचा दिवस यात रंग वेगळा भासतो. शंभर वर्षांनंतरही त्या नंबरांच्या रायफली झाडू नका असाच सल्ला दिला जातो. सोर्स कोडमध्ये बग आहे, प्रॉडक्शनमध्ये शंभर वर्षं चालतोय, आणि पॅच नाही. म्हणून विकत घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा इतिहास वाचायचा.

काडतूस: खडकीचा पुडा मी का झाडला नाही

आता परत त्या केएफच्या पुड्याकडे. जुन्या लष्करी काडतुसांच्या दोन अडचणी असतात.

पहिली, गंज. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या त्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मिठाचं भावंड. हवेतला ओलावा ओढून घेतं आणि नळीला आतून गंज चढवतं. गंमत अशी की हे मीठ तेलात विरघळत नाही. त्यामुळे नुसतं तेल पुसून ठेवणाऱ्याची नळी काही दिवसांत तांबूस होते. उपाय स्वयंपाकघरातला: आधी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल.

दुसरी अडचण जास्त गंभीर: हँगफायर. चाप ओढला, 'टक' आवाज आला, गोळी सुटली नाही. तुम्ही "फुसकं निघालं" म्हणून बोल्ट उघडायला जाता, आणि क्षणभर उशिराने काडतूस पेटतं. दशकानुदशकं कुठल्या गोदामात, कुठल्या उन्हात पडून राहिलेल्या प्रायमरचं हेच होतं. केएफ शिक्क्याची जुनी .३०३ काडतुसं अमेरिकन नेमबाजांमध्ये याच कारणासाठी बदनाम आहेत. खडकीचा म्हणून मला वाईट वाटतं, पण खरं ते खरं. यात कारखान्यापेक्षा वयाचा दोष जास्त. दूध कितीही चांगल्या डेअरीचं असो, तारीख संपल्यावर ते दूध राहत नाही.

त्यामुळे नियम सोपा: नवख्याने नवीन, नॉन-कोरोझिव्ह, ओळखीच्या कंपनीचं काडतूसच घ्यावं. रायफल जुनी चालेल, गोळी ताजी हवी. आणि 'टक' झालंच तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा हलका, फुसका आला तर दुसरी गोळी अजिबात झाडू नका, पहिली नळीत अडकलेली असू शकते.

दिसायला जुळी पण वेगळी काडतुसंही असतात. ७.६२ नेटो आणि .३०८ विंचेस्टर यांचं उदाहरण घ्या. हातात घेतली तर फरक सांगता येणार नाही, पण दोन्हींच्या चेंबरची मापं तंतोतंत एक नाहीत. ईशापूर २ए१ मध्ये रायफलीवर लिहिलंय तेच घालावं. तसंच एम-१ गॅरंडमध्ये आजची जास्त दाबाची शिकारी काडतुसं घातली तर तिची ऑपरेटिंग रॉड वाकू शकते. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी गृहीत धरायची नाही, हे आपल्या धंद्यातलं तत्त्व इथेही लागू.

रेंजवरचा पहिला दिवस

परवाना आल्यानंतरच्या शनिवारी आम्ही गेलो. सहकाऱ्यांनी आधी माझ्या हातात ली-एनफिल्ड दिलीच नाही. एक .२२ ची साधी रायफल दिली आणि म्हणाले, आधी ५० गोळ्या हिच्या. तेव्हा जरा हिरमुसलो, पण आता पटतं. .२२ ला धक्का जवळपास नसतो, त्यामुळे चाप ओढताना आपण डोळे मिटतो की नाही हे स्वतःला कळतं.

थ्री नॉट थ्रीच्या वेळी लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- कानाला दुहेरी संरक्षण. आत फोमचे बोळे, वरून मफ. अशा रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. एका गोळीनेही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. डोळ्यांना चष्मा सक्तीचा.
- दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट दाबून धरा. दस्त्याच्या टोकाला पितळ किंवा पोलाद असतं, रबर नव्हे. सैल धरला तर निळा डाग घेऊन घरी याल.
- पहिल्या काही वेळा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा.
- पुढे पाच-पाच भरताना काठ बघा. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या कडेच्या पुढे हवी, मागे राहिली तर अडकते.
- ५० यार्डावर गोळी नेमापेक्षा वर गेली तर घाबरू नका. नंबर ४ च्या साध्या पलटीच्या साइटवरची छिद्रं ३०० आणि ६०० यार्डांसाठी आहेत. रायफल बरोबर आहे, आपण तिच्यासाठी फारच जवळ उभे आहोत.
- नळी कायम लक्ष्याकडे, बोट चापाच्या बाहेर, आणि रेंज ऑफिसरचा शब्द अंतिम.

माझ्या दहा गोळ्यांपैकी चार कागदावर लागल्या. खांदा दोन दिवस दुखला. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण घरी येऊन त्यांनी नळीतून गरम पाणी ओतलं, तेल लावलं, आणि पुन्हा तिजोरीत कुलूपबंद केली, तो अर्धा तास मला रेंजइतकाच महत्त्वाचा वाटला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात वाईट दिवस कुणावरही येऊ शकतो. तिजोरीचं बजेट नसेल तर रायफलीचं बजेट नाही, असं सरळ समजा.

आणि भारतात?

भारतात हा प्रश्नच वेगळा. .३०३ हा इथे प्रतिबंधित बोअर, सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. म्हणूनच नागरिकांसाठी ईशापूरच्या वंशावळीतली पण .३१५ काडतुसाची रायफल बनली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात, आणि प्रतिबंधित शस्त्र बाळगल्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून सुरू होते. थ्री नॉट थ्री आपल्याला आठवते ती २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातातली, एके-४७ समोर. आपल्या मनात ती हौसेची वस्तू नाही, आणि ते बरोबरच आहे.

इथून सुट्टीवर घरी जाणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना: आठवण म्हणून एकही काडतूस बॅगेत टाकू नका. रेंजवर नेलेली बॅग विमानप्रवासाला वापरू नका. कोपऱ्यात राहिलेली एक जिवंत गोळी मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा होऊ शकते. सहकारी मला ते केएफ काडतूस भेट द्यायला तयार होते. मी फक्त फोटो घेतला.

नेमबाजीचीच आवड असेल तर महाराष्ट्रात रस्ता मोकळा आहे. २० ज्यूलपर्यंतच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत रायफल क्लब आहेत. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य जिंकलं ते .२२ रायफलने, थ्री नॉट थ्रीने नव्हे.

मग घ्यावी का?

माझं मत विचाराल तर पहिली रायफल म्हणून नको. पंधरा वर्षांपूर्वी सरप्लसच्या बाजूने एकच भक्कम मुद्दा होता, स्वस्ताई. तो गेला. उरली ती जोखीम: अनोळखी इतिहासाचं पोलाद, महाग काडतूस आणि, आपल्यापैकी अनेकांसाठी, व्हिसा. आधी .२२ वर एक वर्ष काढा. ज्याच्याकडे जुनी रायफल आहे अशा माणसाबरोबर रेंजवर जा, त्याची तपासणीची पद्धत बघा. त्यानंतरही इतिहासाची ओढ राहिली तर गेज घेऊन दुकानात जा.

मी स्वतः अजून घेतलेली नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत माझ्यापुढे किती वर्षं आहेत कोण जाणे. तीनशे डॉलरच्या वस्तूसाठी ती रांग पणाला लावायची माझी तयारी नाही. ते सहकारी मात्र म्हणतात, "घाई काय आहे? ही ऐंशी वर्षं थांबली आहे, अजून थोडी थांबेल."